रोझेशियासाठी योग्य दवाखाना कसा निवडावा: खान्देशातील नव्या रुग्णांसाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या दिवसांत दुपारी बाहेरून घरी आलेल्या प्रत्येकाचेच तोंड तांबूस झालेले असते. त्यामुळे कोणाचा चेहरा लाल दिसला, की ‘ऊन लागले असेल’ या एका वाक्यात आपल्याकडे विषय मिटतो. परंतु उन्हाळा सरल्यावरही गाल, नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी यांवरची लाली उतरत नसेल, गरम चहाचा घोट घेताच तोंड भाजल्यासारखे होत असेल, साध्या साबणानेही चेहरा चुरचुरत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालत असेल, तर त्यामागे रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार असू शकतो. आमच्या शेजारच्या अक्का ‘तोंडनी आग व्हस’ एवढेच म्हणत असत. डॉक्टरांना नेमके हेच वाक्य सांगायचे असते, हे मला फार उशिरा कळले.

मला स्वतःला या आजाराचे निदान होण्यास दीड वर्ष लागले आणि त्यातील जवळजवळ वर्षभर मी आजार वाढवणारी क्रीमच औषध समजून लावत होते. म्हणून हा लेख प्रामुख्याने अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना आपल्या चेहऱ्याला काय झाले आहे याची नुकतीच शंका आली आहे आणि शहरात जाऊन कोणाला दाखवावे हे ठरत नाही. यातील माहिती योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यासाठी आहे. तिच्या आधारे घरच्या घरी औषध सुरू करू नये.

पहिली पायरी: घरातील सगळ्या नळ्या एका पिशवीत गोळा करा

दवाखान्याचा पत्ता शोधण्याआधी हे काम करावे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत चेहऱ्याला जे जे लावले असेल, ते सर्व एका पिशवीत भरावे. त्यात क्रीमच्या नळ्या, गोरेपणाची क्रीम, पार्लरमधून आणलेल्या डब्या, फेसवॉश आणि संपत आलेल्या, पिळून चपट्या झालेल्या नळ्याही असाव्यात. नळीवरचे मोठे नाव कंपनीने दिलेले असते. आपल्याला हवे असते ते त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव. तेथे बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आढळले, तर ते स्टेरॉइड, म्हणजे दाह झटपट दाबणारे औषध, आहे असे समजावे.

माझ्या बाबतीत सुरुवात वांगापासून झाली. गालावर तपकिरी डाग दिसू लागले, तेव्हा मी मेडिकलवर गेले आणि तेथील भाऊंनी, ‘ताई, ही नळी लावा, आठ दिवसांत तोंड साफ होईल,’ असे म्हणून एक क्रीम दिली. आठ दिवसांत खरोखरच फरक पडला, म्हणून मी दुसरी नळी आणली आणि मग तिसरी. त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होते. अशी क्रीम चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या उघड्या दिसू लागतात, पुरळ उठते आणि क्रीम बंद करताच लाली व आग पूर्वीपेक्षा दुपटीने उसळते. मग रुग्ण घाबरून पुन्हा तीच नळी लावतो. हा फेरा आपल्याकडे इतका सर्रास आढळतो, की भारतातील त्वचारोगतज्ज्ञ अशा चेहऱ्याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा या अर्थाच्या स्वतंत्र नावाने ओळखतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या या स्टेरॉइडना ‘शेड्यूल एच’च्या पूर्ण नियमाखाली आणले, म्हणजेच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही दुकानातून ती सहज मिळतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

खरा रोझेशिया आणि स्टेरॉइडमुळे झालेली रोझेशियासारखी अवस्था दिसायला एकसारख्या असतात आणि काही वेळा एकाच चेहऱ्यावर दोन्ही असतात. कोणती नळी किती महिने लावली, हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांनाही नेमका अंदाज येत नाही. म्हणून लाज वाटून पिशवी घरी ठेवू नये.

दुसरी पायरी: पाटी नव्हे, पदवी वाचा

जळगावच्या किंवा धुळ्याच्या मुख्य रस्त्यावरून चालताना ‘स्किन’ हा शब्द असलेल्या पाट्या पावलोपावली दिसतात. त्यांपैकी काही त्वचारोगतज्ज्ञांच्या असतात, काही सौंदर्योपचार केंद्रांच्या आणि काही चक्क पार्लरच्या. रंगीत पाटीवरून यातील फरक कळत नाही. तो डॉक्टरांच्या नावापुढील अक्षरांवरून कळतो.

रोझेशियासाठी आपल्याला त्वचारोगतज्ज्ञ हवा. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, अथवा दोन वर्षांची पदविका असे त्याचे शिक्षण असते. पाटीवर ‘डीव्हीएल’, ‘डीडीव्हीएल’ किंवा ‘डीव्हीडी’ ही अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग या विषयांचे शिक्षण किंवा त्यांपैकी काही विषयांची पदविका असा आहे. गुप्तरोग हा शब्द वाचून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, बिचकतात. शासकीय रुग्णालयातील विभागाचे नावही ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असेच असते. हे विषय वैद्यकशास्त्रात एकत्र शिकवले जातात एवढाच त्याचा अर्थ आहे, म्हणून त्या दारासमोर रांगेत उभे राहण्यास संकोच करू नये. उलट ज्या पाटीवर केवळ ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ किंवा ‘एस्थेटिक फिजिशियन’ असे लिहिले आहे, तेथे मूळ पदवी कोणती आहे हे विचारावे. कॉस्मेटॉलॉजीचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र म्हणजे त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण नव्हे.

प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो आणि तो दवाखान्यात लावणे तसेच चिठ्ठीवर व पावतीवर छापणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्यांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. नंदुरबार, तळोदा, नवापूरकडील अनेक कुटुंबे सुरतला जातात, शिरपूरकडील लोक इंदूरही जवळ करतात. तेथील डॉक्टरांची नोंद अर्थातच त्या त्या राज्याच्या परिषदेकडे सापडेल. देशभरातील नोंदींसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नोंदवही आहे. नाव किंवा क्रमांक टाकून ही माहिती मोबाइलवर पाहता येते, आणि घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम पाच मिनिटांत करून देऊ शकते.

मोबाइलवर ‘उत्तम स्किन क्लिनिक’ असे शोधले, की सर्वांत वर बहुधा पैसे भरून दिलेल्या जाहिराती येतात. त्याऐवजी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. आपल्या तालुक्याच्या रुग्णांना कोण वेळ देतो आणि कोण चिठ्ठी नीट लिहितो, हे त्यांना चांगले ठाऊक असते. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचेच असतील, तर ‘चेहरा उजळला’ अशा वाक्यांना फारसे महत्त्व देऊ नये. आजाराबद्दल समजावून सांगितले, औषधाचा त्रास झाला तेव्हा फोन घेतला, फेरतपासणीला बोलावले, असे काही कोणी लिहिले असेल तर ते कामाचे आहे.

तिसरी पायरी: कोणत्या गावात जायचे ते ठरवा

रोझेशिया एका भेटीत बरा होत नाही. पहिल्या वर्षात चार-सहा वेळा तरी डॉक्टरांकडे जावे लागेल, असे धरून गाव निवडावे. लांबच्या मोठ्या शहरात एकदा मोठी फी भरून दाखवणे आणि नंतर गाडीभाडे परवडत नाही म्हणून उपचार सोडून देणे, यापेक्षा जवळच्या शहरातील चांगल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नियमित जाणे कधीही हिताचे ठरते.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच जळगाव आणि नंदुरबार येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा रुग्णालयात सकाळी केस पेपर काढून त्वचा विभागात दाखवता येते. तेथे गर्दी असते आणि दरवेळी तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नसते, म्हणून आपला जुना केस पेपर जपणे आपल्या हाती असते. परंतु एका गोष्टीत ही रुग्णालये उजवी ठरतात: निदान अवघड असेल तर विभागातील वरिष्ठांचे मत त्याच आवारात मिळू शकते, आणि डोळे दाखवायचे असल्यास नेत्रविभागही तेथेच असतो.

खासगी त्वचारोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, तसेच भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा मोठ्या गावांतही शोधावेत. काही डॉक्टर ठरावीक वारीच तालुक्याला येतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करावा. नाशिक, पुणे, मुंबई किंवा सुरत यांचा विचार लेसर लागणार असेल, नाकाची त्वचा जाड होऊ लागली असेल, किंवा दोन-तीन महिने नीट उपचार घेऊनही आराम पडत नसेल, तेव्हा करावा. आणि तोही शक्यतो आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.

अक्कलकुवा-धडगावसारख्या दूरच्या भागातील रुग्णांना दरवेळी प्रवास जमत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यामुळे नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात. पहिली तपासणी मात्र समोरासमोरच झाली पाहिजे, कारण सावळ्या त्वचेवरची लाली मोबाइलच्या कॅमेऱ्यात नीट उमटत नाही. त्यानंतरच्या काही भेटी व्हिडिओवर होऊ शकतील का, हे दवाखाना निवडतानाच विचारून ठेवावे.

चौथी पायरी: निघण्यापूर्वीची तयारी

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणी स्वतः त्वचारोगतज्ज्ञ करतात की सहायक, तपासणीची आणि फेरतपासणीची फी किती आहे, आणि नंबर किती वाजता लावावा लागतो. फी सांगण्यास टाळाटाळ करून ‘आधी या, मग पॅकेज सांगू’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा दवाखाना पाहावा.

रोझेशिया चढतो आणि उतरतो. ज्या दिवशी दवाखान्यात नंबर लागतो, त्या दिवशी चेहरा नेमका शांत असतो, असे अनेकदा घडते. म्हणून भडका उडालेला असताना दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभे राहून, कोणताही फिल्टर न वापरता समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. जागा आणि वेळ शक्यतो तीच ठेवावी. दोन आठवडे एका वहीत रोज एक ओळ लिहावी: आज लाली कधी वाढली आणि त्याआधी काय घडले होते. आपल्याकडील कारणे शहरी पुस्तकांत सापडतीलच असे नाही. चुलीसमोर बसून वीस-पंचवीस भाकरी थापणे, भर उन्हात कापूस वेचणे, लाल तर्रीची शेवभाजी, भरिताच्या पार्टीतला हिरव्या मिरचीचा तिखटपणा, स्कूटीवरून जाताना तोंडाला घट्ट बांधलेल्या ओढणीखाली साचणारी उष्णता, दारू, मनावरचा ताण, यांपैकी काय आपल्याला बाधते ते प्रत्येकाचे वेगळे असते. मला तिखट फारसे बाधत नाही, परंतु चुलीची धग दहा मिनिटांत गाल पेटवते. हे वही लिहिल्यामुळेच लक्षात आले आणि घरात उगाच सगळ्यांचे तिखट बंद करण्याची वेळ आली नाही.

नेहमी चालू असलेल्या गोळ्यांची नावेही लिहून न्यावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे चेहऱ्यावर लाली येऊ शकते, तसेच पाळी जाण्याच्या वयात अंगातून निघणाऱ्या वाफांमुळेही. गर्भधारणा झालेली असेल, तशी शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते सर्वांत आधी सांगावे. दवाखान्यात जाताना चेहऱ्याला पावडर, क्रीम, काहीही लावू नये. आठवडाभर आधीपासून ब्लीच, फेशियल आणि घरगुती लेप टाळावेत. लिंबू, बेसन आणि हळदीचे लेप अशा नाजूक झालेल्या त्वचेला चांगलेच झोंबतात.

पाचवी पायरी: तपासणीच्या खोलीत लक्ष कशाकडे द्यावे

दवाखाना योग्य आहे की नाही, हे पहिल्या पंधरा मिनिटांत बरेचसे कळते, म्हणून या पायरीवर मी जास्त लिहिते आहे.

ज्या डॉक्टर मॅडमनी माझे निदान केले, त्यांनी मला प्रथम खुर्ची खिडकीकडे वळवून बसायला सांगितले. त्यांनी माझी पिशवी टेबलावर रिकामी केली, एकेक नळी उलटी करून वाचली आणि दोन नळ्यांवरील मोमेटासोन या शब्दाभोवती पेनाने गोल केला. मग काचेची एक स्वच्छ पट्टी माझ्या गालावर हलकेच दाबून धरली. काचेखालची लाली फिकी पडली आणि काच उचलताच पुन्हा भरून आली. ‘हा डाग नाही, रक्तवाहिन्या रुंदावल्या आहेत,’ असे त्यांनी आरसा माझ्या हातात देऊन दाखवले. त्यानंतर भिंगाच्या छोट्या उपकरणातून त्यांनी नाकाच्या कडा पाहिल्या, आणि शेवटी खालची पापणी ओढून, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का, वारंवार रांजणवाडी येते का, असे विचारले. डोळ्यांचा त्रास मी कधी त्वचेशी जोडलाच नव्हता.

या तपासणीतील प्रत्येक गोष्टीला कारण होते. रोझेशिया हा केवळ गोऱ्या लोकांचा आजार आहे, असा समज अगदी शिकलेल्या लोकांतही आढळतो. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली लपते. ती तांबूस-तपकिरी किंवा नुसतीच काळवंडल्यासारखी दिसते, आणि आग, चुरचुर, कोरडेपणा आणि पुटकुळ्या हेच लक्षात येते. म्हणून दुरून पाहून ‘पिंपल्स आहेत’ किंवा ‘वांग आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. मुरुमांत काळ्या-पांढऱ्या टोकांच्या बारीक गुठळ्या असतात. रोझेशियात त्या नसतात आणि तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो. ल्युपस या आजारातही गालांवर लाली येते, परंतु ती नाकाच्या बाजूच्या घडीला बहुधा सोडून असते आणि सोबत सांधेदुखी, थकवा, तोंडात फोड अशा तक्रारी असू शकतात. कोंड्याशी संबंधित त्वचादाह, एखाद्या क्रीमची किंवा रंगाची ॲलर्जी, आणि चेहरा तुकतुकीत व जाडसर करणारा कुष्ठरोगाचा प्रकार, हेही डॉक्टरांना मनात ठेवावे लागतात. रोझेशियासाठी रक्ताची वेगळी अशी चाचणी नाही. निदान डोळ्यांनी पाहून आणि विचारून होते, आणि दुसऱ्या आजाराची शंका असेल तरच चाचणी किंवा त्वचेचा लहान तुकडा तपासणे योग्य ठरते. म्हणून तपासण्यांची लांबलचक यादी हाती पडली, तर यातील प्रत्येक तपासणी कोणत्या शंकेसाठी आहे, असे नम्रपणे विचारावे.

डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काहीच विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. या आजारात अनेक रुग्णांच्या पापण्या आणि डोळे कोरडे व लाल होतात. उपेक्षा झाली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यालाही इजा पोहोचू शकते. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्वचेच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

उलट काही खुणा दिसल्या, तर उठून यावे असे माझे स्पष्ट मत आहे. चेहरा न तपासताच सहा सिटिंगचे पॅकेज सांगणे, आजार मुळासकट कायमचा घालवण्याची हमी देणे, दवाखान्यातल्याच डबीत नाव-घटक नसलेली क्रीम भरून देणे, चिठ्ठी लिहून न देणे, आणि आग होत असलेल्या त्वचेवर लगेच केमिकल पील (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा घासण्याची क्रिया सुचवणे, या त्या खुणा होत. यांपैकी डबीतली क्रीम मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण तिच्यात काय आहे हे नंतर दुसऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही.

सहावी पायरी: उपचाराची योजना समजून घ्या

चांगले डॉक्टर ‘रोझेशियाचे औषध’ असे एकच काही देत नाहीत. चेहऱ्यावर जे लक्षण ठळक आहे, त्यानुसार औषध निवडतात. पुटकुळ्या आणि पुरळ असेल तर लावण्यासाठी मेट्रोनिडॅझोल, अझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन, आणि जोर जास्त असेल तर पोटातून डॉक्सिसायक्लिन दिले जाते. येथे डॉक्सिसायक्लिन मुख्यतः दाह कमी करण्यासाठी असते. त्याने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावे. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. हट्टी आजारात कमी मात्रेत आयसोट्रेटिनॉइन वापरतात, परंतु त्यामुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून गर्भारपणात ते पूर्णपणे वर्ज्य आहे आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते देताना गर्भनिरोधनाबद्दल स्पष्ट बोलणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते बोलणे न करता कोणी ही गोळी लिहून दिली, तर तो दवाखाना बदलावा.

यातील बहुतेक औषधांचा परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ करणारी क्रीम मिळाली, तर तिच्यात स्टेरॉइड तर नाही ना, हे पुन्हा नळी वाचून पाहावे. स्टेरॉइड बंद केल्यानंतरचे काही आठवडे फार कठीण जातात. त्या काळात काय लावायचे, आग असह्य झाल्यास कोणाला फोन करायचा, आणि क्रीम एकदम थांबवायची की हळूहळू, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. मी त्या दिवसांत दोनदा जुनी नळी हातात घेतली होती आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलेल्या दवाखान्याच्या नंबरामुळेच ती पुन्हा खाली ठेवली.

आता लेसरविषयी. कायम राहिलेली लाली आणि जाळ्यासारख्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्या यांवर क्रीमचा फारसा परिणाम होत नाही. तेथे पल्स्ड डाय लेसर, एनडी-याग लेसर किंवा आयपीएल (लेसरसारखेच तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारे यंत्र) यांचा उपयोग होतो. परंतु ही यंत्रे प्रकाश देऊन काम करतात, आणि आपल्या त्वचेतील रंगद्रव्य तो प्रकाश स्वतःच शोषते. मात्रा चुकली तर भाजते आणि काळे डाग राहतात. आयपीएलच्या बाबतीत सावळ्या त्वचेला हा धोका विशेष असतो. म्हणून यंत्र किती महागडे आहे हे विचारण्याऐवजी असे विचारावे: यंत्राचे नाव काय, ते मुळात रक्तवाहिन्यांसाठी आहे की केस काढण्यासाठी, माझ्यासारख्या रंगाच्या किती रुग्णांवर आपण ते वापरले आहे, आधी कानाजवळ लहानशा जागी चाचणी करून पाहाल का, आणि यंत्र स्वतः डॉक्टर चालवतील का. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाल्याखेरीज होकार देऊ नये. लेसरनेही आजार मुळातून जात नाही, बहुधा अनेक बैठका लागतात आणि लाली काही काळाने परतू शकते. स्टेरॉइडने त्वचा पातळ झालेली असताना, पुरळ उठलेले असताना किंवा भर मे महिन्यात लेसरची घाई करू नये. आपल्याकडे त्यासाठी दिवाळीनंतरचे थंडीचे महिने बरे. नाकाची त्वचा जाड व गाठाळ झाली असेल, जे पुरुषांत अधिक आढळते, तर कार्बन डायऑक्साइड लेसर किंवा शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती अनुभवी हातांकडेच सोपवावी.

सनस्क्रीन हा या योजनेचा रोजचा भाग आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले आणि सुगंध नसलेले सनस्क्रीन हळव्या त्वचेला सहसा मानवते. शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याने ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, असे सांगितले जाते. शेतातल्या माणसाला हे दरवेळी जमत नाही, हे मान्य करून मोठ्या काठाची टोपी, सैलसर सुती उपरणे आणि कामाच्या वेळा सकाळ-संध्याकाळकडे सरकवणे यांवर डॉक्टरांशी बोलावे. जे डॉक्टर आपल्या कामाचे स्वरूप विचारून त्याप्रमाणे सल्ला देतात, त्यांच्याकडे रुग्ण टिकतो, असा माझा अनुभव आहे.

सातवी पायरी: खर्च, कागद आणि गरज पडल्यास बदल

खर्चाचा हिशेब एका भेटीचा न करता तीन महिन्यांचा करावा: तपासणी, दोन फेरतपासण्या, औषधे, सनस्क्रीन आणि येण्या-जाण्याचे भाडे. आरोग्य विम्यात दवाखान्यातल्या अशा भेटींचा खर्च बहुधा धरलेला नसतो, आणि लेसर सौंदर्योपचारात मोजून नाकारला जाऊ शकतो. पैसे कमी असतील तर ते संकोच न करता पहिल्याच भेटीत सांगावे. चिठ्ठीत चार-पाच क्रीम, दोन फेसवॉश आणि सिरम असतील, तर यांपैकी कोणत्या दोन गोष्टींशिवाय चालणारच नाही, असे विचारावे. प्रामाणिक डॉक्टर त्या दोहोंवर खूण करून देतात.

बारा आठवडे नियमित औषध घेऊनही काहीच फरक पडला नाही आणि त्याचे कारणही कोणी समजावून सांगितले नाही, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचे मत घेण्यात काही गैर नाही. मात्र तीन आठवड्यांतच दवाखाना बदलू नये, कारण प्रत्येक नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि त्वचेला दरवेळी नवी क्रीम सोसावी लागते. बदलताना जुने कागद सोबत न्यावेत. रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत देणे आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे हे त्याच २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांवर बंधनकारक केलेले आहे, म्हणून मागण्यास कचरू नये. मी एका प्लास्टिकच्या फायलीत चिठ्ठ्या, खिडकीजवळ काढलेल्या फोटोंच्या प्रती, ती वही आणि पेनाने गोल केलेल्या दोन रिकाम्या नळ्या ठेवते. नव्या डॉक्टरांसमोर ती फाइल उघडली, की पहिल्या पाच मिनिटांतच बोलणे नेमक्या मुद्द्यावर येते.